लाइट आल्यावर सर्व्हर उठतो, पण नेटवर्क उठत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि त्यावर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर चालतं. देवघेवीच्या टेबलावरचे दोन विंडोज संगणक ब्राउझरमधून १९२.१६८.१.१० या पत्त्यावर जातात आणि पुस्तकांच्या नोंदी करतात. पावसात रात्री लाइट जाते, पहाटे येते, मशीन आपोआप चालू होतं, पण सकाळी पुस्तकांची सूची उघडत नाही. कधी उघडते. कधी मशीन चालू असूनही काळ्या स्क्रीनवर थांबलेलं असतं, कधी चक्क बंद असतं. आधीच्या सेंटओएस ६ (दुसरं एक लिनक्स) च्या मशीनवर तुम्ही 'सर्व्हिस नेटवर्क रीस्टार्ट' म्हणायचात आणि भागायचं. इथे ते चालत नाही, पत्ता दाखवणारी इफकॉन्फिग ही कमांड सापडत नाही, ईटीएच० नावाचं नेटवर्क कार्डच दिसत नाही. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही आरसी.लोकल या मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत 'स्लीप ३०' (तीस सेकंद थांब) आणि त्याखाली पत्ता लावायची ओळ टाकलीत. आता विचारताय की नव्या कमांड कुठल्या शिकू.

कमांडचं सांगतोच. पण तुमची अडचण कमांडच्या अलीकडची आहे. एका तक्रारीत निदान तीन वेगळे बिघाड मिसळलेत, आणि ते सुटे केल्याशिवाय कुठलीही कमांड मारली तरी 'कधी चालतं, कधी नाही' हेच होत राहणार. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत, रूट (मुख्य प्रशासक) म्हणून किंवा पुढे सुडो लावून द्यायच्या.)

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. डेबियन घालताना डेस्कटॉप निवडला होता की नुसता सर्व्हर, राउटर डीएचसीपीचे (आपोआप वाटायचे) पत्ते कुठल्या पट्ट्यातून वाटतो, आणि तुम्ही पणजीहून एसएसएचने (दुरून टर्मिनल उघडून) काम करणार की मशीनसमोर बसून. जिथे यामुळे उत्तर बदलतं तिथे तसं लिहीन.

आधी इफकॉन्फिगचा गुंता मोकळा करू. ही कमांड १९८३ च्या ४.२बीएसडीपासूनची. लिनक्सवर ती नेट-टूल्स या पॅकेजात येते, आणि २०१७ च्या डेबियन ९ पासून ते पॅकेज मूळ इन्स्टॉलेशनमध्ये नसतं. त्याच्या जागी आयप्रूट२ असतं, म्हणजे 'आयपी' ही एकच कमांड आणि तिचे पोटविभाग. नेट-टूल्स घातल्यावरही तुम्हाला 'कमांड सापडत नाही' आलं असेल तर कारण वेगळं आहे: डेबियन १० पासून नुसतं 'सु' करून रूट झालात तर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या यादीत, एसबिनच्या डिरेक्टरी येत नाहीत. 'सु -' करा, पुढचा डॅश विसरू नका. एवढ्याशा डॅशपायी लोक पॅकेजं काढून परत घालताना मी पाहिलेत.

जुन्याचं नवं तोंडपाठ करायला फार नाही. इफकॉन्फिगने जे बघायचात ते 'आयपी ॲड्रेस शो' मध्ये दिसतं, कार्ड वर-खाली करणं 'आयपी लिंक सेट' मध्ये, मार्ग दाखवणाऱ्या 'रूट -एन' चं काम 'आयपी रूट शो' करते, आर्पचं 'आयपी नेबर शो', आणि नेटस्टॅटच्या जागी 'एसएस'. मी स्वतः रोज 'आयपी -बीआर ॲड्रेस' वापरतो. एका कार्डाला एक ओळ, नाव, स्थिती, पत्ता, संपलं. सर्व्हिस ही कमांड डेबियनवर अजून आहे, पण ती आत सिस्टमसीटीएललाच (सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची कमांड) बोलावते. तुमची मात्र नेटवर्क नावाची सर्व्हिसच इथे नाही, ती रेड हॅटच्या, म्हणजे सेंटओएसच्या, घराण्यातली. डेबियनवर तिच्या जवळची म्हणजे नेटवर्किंग.सर्व्हिस. चेककॉन्फिगचं 'ऑन' म्हणजे 'सिस्टमसीटीएल इनेबल'. रनलेव्हल ३ च्या जागी मल्टी-यूजर.टार्गेट, ५ च्या जागी ग्राफिकल.टार्गेट. कुठल्या टार्गेटला, म्हणजे कुठल्या अवस्थेला, मशीन उठतं ते 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' सांगते. वाचनालयाच्या सर्व्हरला ग्राफिकलची गरज नाही, पण आता चालू आहे तर उगाच हात लावू नका.

ईटीएच० चं म्हणाल तर २०१३ पासून सिस्टमडी कार्डाला त्याच्या जागेवरून नाव देतं. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस ३, स्लॉट ०. पूर्वी दोन कार्डं असली की कर्नलला जे आधी सापडेल ते ईटीएच०, त्यामुळे रीबूटनंतर नावांची अदलाबदल व्हायची. ती टाळायला हे आलं. एक तोटा आहे. मशीनमध्ये नवं पीसीआय कार्ड खोचलं तर बसचे आकडे सरकू शकतात आणि कालचं ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होतं. तुमच्याकडे एकच कार्ड आहे, तेव्हा 'आयपी -बीआर लिंक' मध्ये जे नाव दिसेल ते लिहून ठेवा आणि पुढे चला.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या कमांड दोन जातींत मोडतात: काहींचा परिणाम आत्तापुरता असतो, काहींचा पुढच्या बूटपासून. 'आयपी' ने केलेलं सगळं कर्नलच्या मेमरीत असतं. लाइट गेली की गेलं. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' आत्तापुरती. 'सिस्टमसीटीएल इनेबल' फक्त पुढच्या बूटसाठी: ती टार्गेटच्या वॉन्ट्स डिरेक्टरीत एक सिमलिंक (फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) टाकते, सर्व्हिस लगेच चालू करत नाही. दोन्ही हवं तर 'इनेबल --नाऊ'. ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतल्या फाइलीत लिहिलेलं पुढच्या वेळेसाठी, जोपर्यंत तुम्ही ते मुद्दाम लागू करत नाही. सकाळी हाताने कमांड मारून चालू केलेलं नेटवर्क रात्री परत जातं यात म्हणून काही गूढ नाही. तुम्ही रोज पहिल्या जातीचा उपाय करत होता आणि अपेक्षा दुसऱ्या जातीची होती. सेंटओएस ६ वर हे जाणवलं नाही, कारण तिथे सेटिंग आधीच फाइलीत होतं आणि तुमची कमांड ती फाइल फक्त परत वाचायला लावत होती.

आता सकाळी मशीनसमोर गेल्यावर काय बघायचं. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, मशीन पूर्ण उठलंय का? तुम्ही लिहिलंय की कधीकधी स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ दीड मिनिट मोजत बसते आणि नंतर काळ्या स्क्रीनवर रूटचा पासवर्ड मागते. आणि जाता जाता हेही लिहिलंय की बॅकअपची यूएसबी डिस्क शनिवारी एक कार्यकर्ता घरी नेतो. हे दोन्ही एकच प्रकरण आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. ती डिस्क एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) साध्या ओळीने लिहिली असणार. सिस्टमडी तिची ९० सेकंद वाट बघतं, ती येत नाही, आणि एफएसटॅबमधलं माउंट अनिवार्य समजलं जातं म्हणून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. तिथे ना नेटवर्क, ना अपाची (कोहाची पानं देणारा वेब सर्व्हर). त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' घाला आणि सोबत 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस'. मग डिस्क असो वा नसो, मशीन उठेल. फाइल बदलल्यावर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'माउंट -ए' करून चूक नाही ना ते तिथल्या तिथे बघा. एफएसटॅबमधली टंकलेखनाची चूक रीबूटनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी.

दुसरं, तार. 'आयपी लिंक शो' च्या कोनी कंसात 'नो-कॅरियर' आणि 'अप' दोन्ही असतील तर कार्ड चालू आहे, पण पलीकडून सिग्नल नाही: स्विच बंद, तार सुटलेली किंवा पिन सडलेली. 'अप' च नसेल तर ते कार्ड कुणी उठवलेलंच नाही, म्हणजे दोष सेटिंगचा. हा फरक लक्षात ठेवलात तर अर्धी सकाळ वाचते. तारेबद्दल आणखी एक. 'इथटूल ईएनपी३एस०' केल्यावर गती १००० ऐवजी १०० दिसली तर बहुतेक वेळा तारेतली एखादी जोडी गेलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, म्हणून नेट 'चालतं' पण हळू. किनाऱ्याकडच्या गावांत आरजे-४५ च्या पिनांवर हिरवट थर मी दर पावसाळ्यात बघतो. तुम्ही आत डिचोलीला आहात, पण भिंतीला ओल असेल तर तिथेही तेच. दोन नवे कनेक्टर क्रिंप करणं हे कुठल्याही कमांडपेक्षा स्वस्त पडतं.

तिसरं, पत्ता. आणि इथे तुमच्या 'कधी चालतं, कधी नाही' चं उत्तर आहे.

रात्री लाइट जाते तेव्हा सर्व्हर, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा सगळे एकदम बंद होतात. पहाटे सगळे एकदम चालू होतात, पण तयार एकदम होत नाहीत. एसएसडी असेल तर डेबियन अर्ध्या मिनिटाच्या आत उठतं. राउटरला स्वतःचं सॉफ्टवेअर चढवून पत्ते वाटायला लागेपर्यंत त्याहून बराच वेळ जातो. सर्व्हर डीएचसीपीवर असेल, आणि इन्स्टॉलर स्वतःहून ते तसंच ठेवतो, तर तो पत्ता मागतो आणि द्यायला कुणी नसतं. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) 'नो डीएचसीपीऑफर्स रिसीव्हड' अशी ओळ सापडेल.

दरम्यान ३० सेकंद झाली, तुमच्या आरसी.लोकलने .१० हा पत्ता लावला. 'आयपी ॲड्रेस ॲड' पत्ता बदलत नाही, असलेल्यात भर घालते. म्हणजे डीएचसीपी वेळेत मिळालं असेल तर कार्डावर दोन पत्ते, नसेल तर फक्त तुमचा. आता गंमत बघा. डेबियनमधल्या डीएचक्लायंटची (डीएचसीपीने पत्ता मागणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट लीज (पत्त्याची मुदत) संपली, प्रयत्न फसला किंवा पत्ता बदलला की त्या कार्डावरचे आयपीव्ही४ पत्ते पुसून टाकते. त्यात तुम्ही हाताने लावलेला .१० सुद्धा जातो. तो कुणी लावला हे तिला कळत नाही. राउटर लवकर उठला तर तुमचा पत्ता टिकतो, उशिरा उठला तर पुसला जातो. स्लीप ३० चं ६० केलंत तर फक्त जुगाराचे आकडे बदलतील. एका कार्डाला दोन मालक आहेत आणि दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, हे त्याचं मूळ.

तुमच्याकडे हेच घडलंय का, हे माझ्या शब्दावर मानू नका, जर्नलला विचारा. 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' ने सगळे बूट दिसतात, 'जर्नलसीटीएल -बी' हा आत्ताचा, '-बी -१' त्याआधीचा. '-बी -यू नेटवर्किंग' किंवा '-बी -यू अपाची२' ने एकेका सर्व्हिसचं बघता येतं. डेबियन ११ पासून जर्नल डिस्कवर टिकून राहतं, त्यामुळे कालच्या रात्रीचंही मिळतं. बूटच्या सुरुवातीला जर्नलची फाइल 'करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन' असल्याची ओळ दिसली तर घाबरू नका, लाइट अचानक गेल्याचा तो पुरावा आहे. जुनी फाइल बाजूला ठेवून जर्नल नवी सुरू करतं.

अजून एक शक्यता याच पायरीवर तपासायची. बरेचसे घरगुती राउटर कुणाला कुठला पत्ता दिला ही यादी फक्त मेमरीत ठेवतात. लाइट गेली की यादी कोरी. मग .१० त्याच्या वाटपाच्या पट्ट्यात असेल तर सकाळी वायफायवर आलेल्या पहिल्या दुसऱ्या वाचकाच्या मोबाइलला तो मिळू शकतो. सर्व्हरवर सगळं ठीक दिसतं आणि टेबलावरून मात्र सूची उघडत नाही, किंवा एका संगणकावर उघडते, दुसऱ्यावर नाही. विंडोजवर 'आर्प -ए' करून .१० समोरचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बघा आणि सर्व्हरच्या 'आयपी लिंक शो' मधल्याशी ताडून पाहा. जुळला नाही तर चोर सापडला.

इथपर्यंत एवढं ठरलं: डिस्कमुळे अडकणं वेगळं, पत्ता पुसला जाणं वेगळं, पत्ता दुसऱ्याला मिळणं वेगळं. मशीन बंद सापडण्याचं पुढे येतो. आधी पत्त्याचा इलाज.

सर्व्हरला डीएचसीपीवर ठेवू नका. ज्याच्याकडे सगळे पत्ता धरून येतात त्याने स्वतःचा पत्ता राउटरला विचारत बसू नये. आधी राउटरमध्ये जाऊन वाटपाचा पट्टा १०० पासून पुढे करा, म्हणजे .१० त्यातून बाहेर राहील. मग आरसी.लोकल मधल्या तुमच्या दोन्ही ओळी काढा. मग कार्डाचा मालक कोण ते बघा. डेस्कटॉपशिवाय घातलेल्या डेबियनवर तो इफअपडाउन असतो आणि त्याची फाइल /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस. तिथे 'अलाऊ-हॉटप्लग' आणि 'डीएचसीपी' असं दिसेल, त्याजागी हे लिहा, म्हणजे पत्ता स्टॅटिक (कायमचा ठरलेला) होईल:

ऑटो ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक
    ॲड्रेस १९२.१६८.१.१०/२४
    गेटवे १९२.१६८.१.१

बदलाचा क्रम पाळा: आधी 'इफडाउन ईएनपी३एस०', मग फाइल बदला, मग 'इफअप ईएनपी३एस०'. उलट केलंत, म्हणजे आधी फाइल बदलली, तर इफडाउनला वाटतं पत्ता पहिल्यापासून स्टॅटिकच होता. तो डीएचक्लायंटला बंद करत नाही. तो मागे जिवंत राहतो आणि काही तासांनी लीज संपली की वर सांगितलेला पुसण्याचा उद्योग करतो. खात्री करायची तर 'पीग्रेप -ए डीएचक्लायंट', काही दिसता कामा नये. डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचा) पत्ताही आतापर्यंत डीएचसीपी देत होता, तेव्हा /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये नेमसर्व्हरची ओळ आहे ना ते बघून ठेवा, नाहीतर आठवड्याने एपीटी अपडेट अडेल आणि कारण आठवणार नाही.

'ऑटो' च का? कारण स्टॅटिक पत्त्याबरोबर इफअपडाउन तारेपलीकडे कुणी आहे का ते बघत नाही. स्विच अजून उठला नसला तरी पत्ता लागतो, आणि स्विच आला की काम सुरू. हीच 'ऑटो' ची ओळ डीएचसीपीबरोबर असती तर राउटर येईपर्यंत बूट 'रेझ नेटवर्क इंटरफेसेस' वर अडून बसलं असतं. त्याची मर्यादा डेबियनवर ५ मिनिटांची आहे.

डेस्कटॉपसकट घातलं असेल तर मालक नेटवर्कमॅनेजर असू शकतो. 'एनएमसीएलआय डिव्हाइस' करा. कार्डासमोर 'कनेक्टेड' असेल तर तो मालक, 'अनमॅनेज्ड' असेल तर इफअपडाउन. इंटरफेसेस फाइलीत नाव आलेल्या कार्डाला डेबियनवरचा नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही, हा चांगला संकेत आहे. तो मालक असेल तर 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' ने आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल करा, आयपीव्ही४.ॲड्रेसेस आणि आयपीव्ही४.गेटवे द्या, आणि 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' करा. हे आपोआप फाइलीत जातं, वेगळं जपून ठेवावं लागत नाही. दोन्हीत चांगलं कुठलं यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. एका मशीनवर एकच ठेवा, एवढंच माझं म्हणणं. जे आधी आहे तेच ठेवा. कुणी तिसरंच सिस्टमडी-नेटवर्कडी चालू करायला सांगेल, तर नको म्हणा. उबुंटूवरचे लेख वाचाल तर तिथे नेटप्लॅन येईल. तुमच्या मशीनवर ते नाही, ते सल्ले इथे लागू नाहीत.

पत्ता आला तरी सूची उघडत नसेल तर चौथी पायरी: 'एसएस -एलटीएनपी'. त्यात ८० किंवा कोहाच्या कर्मचारी पानाच्या पोर्टसमोर अपाची दिसायला हवं. दिसत नसेल तर 'सिस्टमसीटीएल स्टेटस अपाची२' बघा. अपाचीच्या पोर्ट्स.कॉन्फ मध्ये कुणी 'लिसन १९२.१६८.१.१०:८०' असं पत्त्यासकट लिहिलं असेल, तर बूटच्या त्या क्षणी पत्ता नसला की अपाची 'कॅननॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' म्हणून पडतं आणि तसंच पडून राहतं. पत्ता पाच मिनिटांनी आला तरी ते स्वतः परत उठेल असं नाही. पत्ता काढून नुसतं 'लिसन ८०' ठेवा. वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवर त्याने काही बिघडत नाही. वर हवं तर 'सिस्टमसीटीएल एडिट अपाची२' करून सर्व्हिस विभागात 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक=१०' टाका. दुसरी ओळ गाळू नका. सिस्टमडी १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की नाद सोडून देतं, त्यामुळे मध्ये अंतर हवं.

इथे कुणीतरी सांगेल की युनिटमध्ये (सर्व्हिसच्या फाइलीत) 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' लिहा म्हणजे नेटवर्क आल्यावरच सर्व्हिस चालू होईल. नाही होणार. नेटवर्क.टार्गेटचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी व्यवस्था सुरू झाली एवढाच, पत्ता मिळाला असा नाही. त्याचा खरा उपयोग बंद होताना होतो: नेटवर्क जाण्याआधी सर्व्हिस बंद व्हावी म्हणून. पत्ता येईपर्यंत थांबायचं असेल तर नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट, आणि ते 'आफ्टर' बरोबर 'वॉन्ट्स' मध्येही लिहावं लागतं. पण माझा सल्ला, तुमच्या बाबतीत तेही टाळा. सूची आतल्या आत चालते, तिला इंटरनेट लागत नाही. मग फायबर येईपर्यंत तिने का ताटकळावं? जी सर्व्हिस थांबल्याशिवाय उभी राहू शकते तिला थांबवू नये. बूटला वेळ कुठे गेला याची उत्सुकता असेल तर 'सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन' वाचा. 'ब्लेम' ची यादी दिसायला आकर्षक, पण तिच्यात वर असलेली सर्व्हिस बाजूला समांतर चालत असते, बूट तिच्यामुळे अडलेलं असतंच असं नाही.

पणजीहून एसएसएचने हे बदल करणार असाल तर एक सवय लावून घ्या. 'आयपी' ने काही करून बघण्याआधी 'शटडाउन -आर +१०' द्या. हात चुकून कनेक्शन तुटलं तर दहा मिनिटांत मशीन रीबूट होईल, आणि आत्तापुरते बदल पुसले जाऊन जुन्या फाइलीप्रमाणे उठेल. सगळं ठीक चाललं तर 'शटडाउन -सी' ने ते रद्द करा. फाइलीतल्या बदलाला मात्र हे संरक्षण नाही, आणि इफडाउन केल्यावर तर तुम्ही स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडलेली असते. म्हणून वरचं स्टॅटिकचं काम शनिवारी वाचनालयात बसूनच करा, कीबोर्ड आणि मॉनिटर लावून.

राहिलं मशीन बंद सापडणं. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं. ते 'पॉवर ऑन' वर आहे म्हणून तुमचं मशीन एरवी आपोआप उठतं. जुन्या बोर्डांवर हे सेटिंग सीआर२०३२ च्या गोल बॅटरीवर टिकतं. बॅटरी संपत आली असेल तर तासाभराची लाइट गेली तरी काही होत नाही, पण चवथीच्या सुट्टीत वाचनालय बंद, मेन स्विच बंद, असे दिवस गेले की सेटिंग मूळ पदावर येतं, आणि ते बहुधा 'ऑफ' असतं. घड्याळही मागे जातं. जर्नलमध्ये बूटच्या सुरुवातीच्या ओळींची तारीख आणि थोड्या वेळाने एकदम पुढे उडी मारलेली तारीख दिसली तर बॅटरीच समजा. 'टाइमडेटसीटीएल' मध्ये 'आरटीसी टाइम' ची ओळही बघा. बॅटरी बदला, बायोसमध्ये जाऊन सेटिंग परत लावा.

यूपीएस घेणार असाल तर तो फक्त सर्व्हरला लावू नका, स्विच आणि राउटरही त्यावर घ्या. त्यांना वीज थोडीच लागते. आणि नट हे पॅकेज घालून यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी उतरत आली की मशीन रीतसर बंद होईल. कोहाचा सगळा जीव मारियाडीबी या डेटाबेसमध्ये आहे. अचानक बंद पडल्यावर ते सहसा स्वतःला सावरतं, पण दर पावसाळ्यात त्याची परीक्षा कशाला?

सगळं करून झालं की चाचणी घ्या, पण नुसतं 'रीबूट' करून नाही. रीबूटमध्ये स्विच आणि राउटर चालूच असतात, म्हणजे तुमचा बिघाड त्यात येतच नाही. आधी सर्व्हर रीतसर बंद करा, राउटर आणि स्विचची वीज काढा, बॅकअपची डिस्क काढून ठेवा. मग फक्त सर्व्हर चालू करा आणि मॉनिटरवर 'आयपी -बीआर ॲड्रेस' बघा: .१० तिथे हवाच. 'एसएस -एलटीएनपी' मध्ये अपाची हवं. मग स्विच चालू करा, टेबलावरच्या संगणकावरून सूची उघडा, राउटर अजून बंद असतानाच. त्या विंडोज संगणकांचे पत्ते राउटरच देत असेल तर ते एव्हाना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसलेले असतील. तसं असेल तर त्या दोघांनाही .११ आणि .१२ असे स्टॅटिक देऊन टाका, आणि राउटर शेवटी चालू करा. यातली कुठली पायरी अडली तर त्या बूटचं 'जर्नलसीटीएल -बी -पी वॉर्निंग' आणि 'आयपी ॲड्रेस शो' जसंच्या तसं इथे टाका, मी बघतो.